मेल गेली की ठेवायचा, पॅसेंजर आली की काढायचा

आमच्या दौंडच्या मामांइतका रेल्वेवर विश्वास ठेवणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर दुसरा झाला नसेल, आणि त्या विश्वासापायी इतके केक वाया घालवणारा तर नाहीच नाही. तशी आमची सगळीच माणसं श्रद्धाळू. शिरूरच्या मिशनच्या आवारात वाढलेली, रविवार न चुकवणारी, ताटावर बसलं की आधी डोळे मिटणारी. पण डोळे मिटून मागितलेलं मिळालं नाही की आमची आईसुद्धा देवाशी चार दिवस फुरंगटून असे. मामांनी पॅसेंजर गाडीवर असा रुसवा कधी धरला नाही. गाडी दीड दीड तास उशिरा यावी, फलाटावरच्या माणसांनी तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करावा, आणि मामांनी शांतपणे मिशीवरून हात फिरवत म्हणावं, "गाडी लेट न्हाई. घड्याळं फुडं हायती." ऐकणाऱ्याला वाटायचं, गडी विनोद करतोय. विनोद कसला डोंबलाचा! मामा लोको शेडमध्ये फिटर होते. इंजिनांची पोटं उघडून त्यांत कोपरापर्यंत हात घालणारा माणूस. गाडी उशिरा आली म्हणजे इंजिन रडलं, इंजिन रडलं म्हणजे शेडमध्ये कुणीतरी हयगय केली, आणि शेडमध्ये हयगय होते हे मामा जीव गेला तरी कबूल करणार नव्हते. म्हणून गाडी लेट नसायचीच.

आता यात केक कुठून आला, तर तेही सांगते. स्वातंत्र्य मिळालं त्या सुमाराला रेल्वे कॉलनीतली गोरी, निमगोरी कुटुंबं एकेक करून विलायतेला निघाली. त्यात एका ड्रायव्हरची बायको होती, तिला सगळी कॉलनी मॅडम म्हणायची. तिच्या बंगल्यातला नळ, मोरी, दाराची कडी, जे काही बिघडेल ते मामा नीट करून देत, आणि ती नाताळात त्यांना केकचा एक तुकडा देई. तो तुकडा मामा रुमालात बांधून घरी आणत आणि मामीला अर्धा देऊन उरलेला अर्धा दोन दिवस पुरवून खात. जाताना मॅडमनं त्यांना केकचं गोल भांडं दिलं आणि कृती तोंडी सांगितली. मैदा इतका, लोणी इतकं, अंडी इतकी. आणि भट्टीत किती वेळ ठेवायचा? तर म्हणाली, "मेल जाएगा तब रखने का, पॅसेंजर आएगा तब निकालने का." बिचारीच्या बंगल्यामागूनच रूळ जात होते. मेल चारला सुटायची, पॅसेंजर पावणेपाचला यायची. पाऊण तास ठेवायचा, एवढंच तिला सांगायचं होतं. दुसऱ्या कुणीही तिच्या बोलण्याचा अर्थ पाऊण तास असाच घेतला असता. मामांनी तो मेल आणि पॅसेंजर असाच घेतला, आणि पुढची सोळा-सतरा वर्षं त्यात काडीचा फरक केला नाही. कुणी समजावायला गेलं की म्हणायचे, "मॅडम शिकल्याली बाई व्हती. तिला पाऊण तास म्हनायचं असतं तर पाऊण तासच म्हनली असती की." यावर आपण काय बोलणार, कपाळ!

केकसाठी मामांनी स्वतःच्या हातानं जाड पत्र्याची एक पेटी केली होती. तळाला चार बोटं भीमेची वाळू, खाली शेगडी, वर झाकणावर निखारे, आणि झाकणाला अशी दणकट पितळी मूठ की ती पेटी उद्या रुळावर ठेवली तर धावेल असं वाटावं. केक असायचा नाताळाला, पोरांच्या वाढदिवसाला, आणि कुणी मॅट्रिक पास झालं तर. आम्ही शिरूरहून सर्व्हिस मोटारीनं धूळ खात दौंडला पोचायचो ते थेट त्या पेटीच्या अंगणात. मामांचा पहिला अर्धा तास हात धुण्यात जाई. राख, सोडा, साबण, पुन्हा राख. शेडचं काळं तेल त्यांच्या नखांत असं मुरलेलं, की हात नीट धुतले नाहीत तर केकमध्ये जायफळाऐवजी इंजिनाचा वास येतो, हे आम्हाला अनुभवानं ठाऊक होतं. मग सगळ्या घरादारानं घोळका करून बसायचं. मामी मैदा चाळणार, आई बेदाणे निवडणार आणि निवडता निवडता खाणार, आणि आम्ही पोरांनी पाळीपाळीनं पीठ फेसायचं. प्रत्येकानं शंभर फेरे मारायचे, मोठ्यानं मोजायचे, आणि पळी एकाच बाजूनं फिरवायची. उलटी फिरली की मामा ओरडत, "रिव्हर्स नगं! फुगा बसतोय त्याचा!" आमच्या दादांनी, म्हणजे वडिलांनी, एकदा उगाच सुचवलं की दोन्हीकडून फिरवलं तरी पीठ तेच. दादा मिशनच्या शाळेत मास्तर होते, त्यांना असं सुचायचं. मामांनी त्यांच्या हातातली पळी काढून घेतली आणि त्यांना कोंबड्या हाकलायच्या कामावर बसवलं.

मेलची शिटी झाली की भांडं पेटीत. मग मामा समोर स्टूल टाकून बसत ते पॅसेंजरची शिटी होईपर्यंत. पॅसेंजर आउटरला, म्हणजे स्टेशनाबाहेरच्या सिग्नलला आली की एक लांब आणि दोन आखूड शिट्ट्या द्यायची. ती ऐकली की मामा म्हणणार, "आली," आणि झाकण काढणार. आता रेल्वेची गंमत बघा. मेल उशिरा सुटली आणि पॅसेंजर वेळेवर आली, तर केक अर्धाकच्चा निघे आणि मधोमध खड्डा पडे. मेल वेळेवर सुटली आणि पॅसेंजर उशिरा आली, तर केकचा कोळसा. दोन्ही गाड्या एका दिवशी वेळेवर, हा योग मी तरी लहानपणी पाहिला नाही. पण मामीनं दोन्हींवर इलाज शोधून ठेवले होते. करपला तर खोबऱ्याच्या किसणीनं वरचा काळा थर किसून काढायचा आणि पिठीसाखरेचा लेप द्यायचा. खड्डा पडला तर त्यात कागदी गुलाब ठेवायचा. मामी पतंगी कागदाचा गुलाब असा करायची की माशी येऊन बसावी. कागद सुईच्या मागच्या टोकानं चुरगळायची, पाकळी पाकळी तारेवर गुंडाळायची आणि तोंडानं मामांची आरती ओवाळायची, "ह्या मानसाला गाडीसंग लगीन लावायला पायजे व्हतं." खड्डा मोठा तसा गुलाब मोठा. एका नाताळात तर कोबीच्या गड्ड्याएवढा झाला होता.

सजावटीचा कारभारही मामांकडेच. केक फसला तर निदान घर बघून पाहुण्यांनी खूश व्हावं, असा मामीचा सुप्त हेतू, पण मामांना ते माहीत नव्हतं. आदल्या दिवशी मैद्याची खळ शिजायची, पतंगी कागद, सुतळी, कात्र्या बाहेर यायच्या, आणि आम्ही ओसरीभर बसून साखळ्या, पताका, चांदण्या करायचो. दादा झुरमुळ्या सुंदर कापत. केक फेसण्यात गेलेली अब्रू ते तिथं भरून काढत. पण रंगांच्या बाबतीत मामा कुणाचं ऐकत नसत. दारावर लाल कागद लावायचा नाही. "लाल दिसला की मानूस थांबतो. पाव्हनं आत यायचं कसं?" दारावर हिरवा, ओसरीवर पिवळा, आणि लाल फक्त केकच्या भोवती, म्हणजे प्रार्थना होईपर्यंत कुणी बोट लावायचं नाही. पुढं पुढं त्यांनी पुठ्ठ्याचा वीतभर उंचीचा सिग्नलच केला. हात आडवा असला की केक बंद. प्रार्थना झाली, मामांनी दोरा ओढला, हात खाली पडला, की चालू. हे कॉलनीतल्या तान्ह्या पोरांनासुद्धा कळायचं. नाताळाच्या गोठ्यावर बर्फ पाहिजे म्हणून त्यांनी एकदा शेडमधलं टाकून दिलेलं हात पुसायचं सूत आणलं, तीनदा सोड्यात उकळलं, वाळवलं, पिंजलं. तरी ते राखाडीच राहिलं. आमच्या पाळकसाहेबांनी ते बराच वेळ निरखून पाहिलं आणि म्हणाले, "बेथलेहेमला जंक्शन झालेलं दिसतंय." मामांना हे इतकं आवडलं की पुढं दरवर्षी तोच बर्फ.

मी अकरा-बारा वर्षांची असताना माझ्या वाढदिवसाचा केक असा काही करपला की किसता किसता हातात लाडवाएवढा उरला. मी भोकाड पसरलं. मामांनी मला कडेवर घेतलं, मी घोडी झाले होते तरी घेतलं, आणि म्हणाले, "रडू नगं बाय. तुझ्या लग्नाचा केक मी करनार. असा करीन का पुन्याचा बेकरीवाला शिकायला येईल." मी नाक पुसलं आणि म्हटलं, "वचन?" ते म्हणाले, "वचन." असली वचनं माणसं लहान पोरांना रोज देतात आणि विसरतात. मामा विसरले नाहीत. मीही विसरले नाही. मी मास्तरीण झाले, माझं लग्न ठरलं, मुलगा सोलापूरकडचा. गाडीच्या सोयीनं लग्न दौंडच्या चर्चमध्ये, मामांच्या क्वार्टरमधून करायचं ठरलं. आणि मग सासऱ्यांचं पत्र आलं. ते हेडमास्तर. अक्षर असं की छापील वाटावं. त्यात शेवटी एक ओळ होती: 'केकची व्यवस्था पुण्याहून व्हावी, आमच्या मंडळींत मान्यवर येणार आहेत.' दादांचा चेहरा उतरला. मी त्याच दिवशी उत्तर लिहिलं की केक आमचे मामा करणार आहेत, आणि तो दौंडलाच होईल. दादा म्हणाले, "अगं, सासरच्या माणसांना पहिल्याच पत्रात कुणी नाही म्हणतं का?" मी म्हटलं, "पहिल्याच पत्रात म्हटलेलं बरं, पुढं अपेक्षा राहत नाही."

तोंडानं मी असं म्हटलं खरं, पण मनातून मी टरकले होते. आणि मामांची तर दशाच झाली. माझं उत्तर ऐकून आधी ते कॉलनीभर सांगत सुटले, आणि दोन दिवसांनी एकदम गप्प झाले. त्या महिन्यात त्यांनी सरावाचे चार केक केले. दोन करपले, दोन खचले. कॉलनीतल्या कोंबड्यांना केकची चटक लागली, त्या दाण्याकडं बघेनात. मामी म्हणायची, "आवं, निदान मास्तरांचं घड्याळ तरी मागून घ्या!" मामा मान हलवत. लग्नाच्या दोन दिवस आधी मी ओसरीत पताका चिकटवत बसले होते, ते माझ्याशेजारी येऊन उकिडवे बसले. खळीत बोट बुडवून उगाच कागदाला लावत राहिले. मग म्हणाले, "पोरी, अजून येळ हाय. पुन्याहून मागवू. मला काय राग न्हाई यायचा. तुझ्या सासरच्यांफुडं तुझी मान खाली जायाला नगं." त्या धिप्पाड माणसाचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. मला भडभडून आलं, पण मी मास्तरीण, मी कसलं रडू दाखवते! मी विचारलं, "मामा, पॅसेंजर टायमात येते ना?" ते म्हणाले, "येती की." मी म्हटलं, "मग झालं तर." ते उठून गेले आणि पेटीची पितळी मूठ घासत बसले. ती आधीच लखलखत होती.

आमच्यात लग्न चर्चमध्ये लागलं तरी हळद आपली लागतेच. आदल्या दिवशी सकाळी मला कानामागं, नखांत, जिथं जिथं म्हणून कातडी आहे तिथं हळद फासून आतल्या खोलीत बसवलं. हळदीच्या नवरीनं उंबरा ओलांडायचा नाही, हे आईनं तीनदा बजावलं. बाहेर पीठ फेसणं चाललं होतं, शंभर शंभरचे आकडे ऐकू येत होते. दोन डझन अंडी, मॅडमच्या भांड्याच्या दुप्पट मोठं नवं भांडं, मामांनीच ठोकून केलेलं. केक एकच. हा बिघडला तर दुसऱ्याला ना अंडी उरली होती, ना वेळ. चार वाजले आणि मेल सुटली, अगदी टायमात. केक पेटीत गेला. मी आत बसून प्रार्थना करत होते, आणि खोटं कशाला सांगू, होणाऱ्या नवऱ्यासाठी नाही, पॅसेंजरसाठी करत होते. थोड्या वेळात शेजारची, पॉइंट्समनची बायको, भिंतीवरून ओरडली, "वैनीऽ, पॅसेंजर यवतला हुभी हाय! रुळावर म्हशी आल्यात, एक रुतून बसलीय! दोन तास काय येत न्हाई आता!"

मी खिडकीतून बघितलं. मामा स्टुलावर पाठमोरे बसले होते. शब्द न् शब्द त्यांच्या कानावर पडला होता, पण ते हलले नाहीत. मामी पुढं झाली. "आवं, ऐकलं न्हवं? पावनेपाचला काढा. येक डाव माझं ऐका." मामा म्हणाले, "येईल." "म्हस रुतलीया!" "काढतील." "अन् न्हाई काढली तर?" मामांचा हात पितळी मुठीपर्यंत गेला आणि मागं आला. त्यांच्या मानेवरून घाम ओघळत होता. माझ्या लक्षात आलं की या माणसाला हट्ट करायचा नाहीये. केक आत जळणार हे त्याला आपल्यापेक्षा जास्त कळतंय. पण घड्याळ बघून झाकण काढणं म्हणजे गाडी लेट आहे असं चारचौघांत म्हणणं, आणि आयुष्यभर जे म्हटलं नाही ते त्याच्या तोंडून निघत नाहीये. आदल्याच दिवशी मीच तर त्यांना त्या बोलण्यात बांधून घातलं होतं.

दादांचं खिशातलं घड्याळ खुंटीवरच्या कोटात होतं. ते उचललं, आणि आई चहा गाळत होती तेवढ्यात मी मागच्या दारानं उंबरा ओलांडला. क्वार्टरच्या मागं तारेचं कुंपण, त्यापलीकडं यार्ड. तिथं शंटिंगचं इंजिन उभं असे, आणि ते चालवणाऱ्या म्हाताऱ्या ड्रायव्हरला सगळी कॉलनी चाचा म्हणायची. पिवळीधम्मक, कपाळाला मुंडावळ्या, पायात चप्पल नाही, अशी मी कुंपणातून वाकून आत शिरले तेव्हा चाचा भाकरी खात बसले होते. त्यांच्या हातातला तुकडा तिथंच राहिला. "या अल्ला! अगं, शादी की लडकी यार्ड में कशाला आली?" मी एका दमात सगळं सांगितलं. चाचा डोकं खाजवत म्हणाले, "शिटी देतो बेटी, पण तेरा मामा एकेक इंजिन आवाजावरनं वळखतो. आन् हे आमचं बुढं, इसका तो गला बैठा है." मी म्हटलं, "बसलेल्या गळ्यानं द्या, पण द्या." घड्याळात पावणेपाचला दोन मिनिटं कमी होती. आम्ही दोघांनी काट्यावर डोळे लावून ती दोन मिनिटं काढली. मी हात वर केला. चाचांनी दोरी ओढली. एक लांब, दोन आखूड. कसला तो आवाज! सर्दी झालेल्या रेड्यासारखा.

मी धावत परत आले ती मागच्या दाराशीच थबकले. मामांची मान वर झाली होती. मामी पदर तोंडाशी धरून उभी. दादा, आई, पोरं, सगळे मामांकडं बघत होते. त्यांनी ऐकलं होतं. कुठलंही इंजिन नुसत्या खोकल्यावरून ओळखणाऱ्या त्या माणसानं मिशीवरून हात फिरवला आणि तो म्हणाला, "आली." चिमट्यानं निखारे सारले, पितळी मुठीला फडकं गुंडाळून झाकण उचललं. आणि काय सांगू, असा सोनेरी, असा सपाट, असा टंच फुगलेला केक! ना खड्डा, ना काळा डाग. मामी रडायला लागली. पोरं नाचायला लागली. आईचं लक्ष माझ्या चिखलानं भरलेल्या पायांकडं गेलं आणि तिनं मला दारातच धपाटा घातला. नवरीला हळदीच्या दिवशी मार बसल्याचं उदाहरण आमच्या घराण्यात दुसरं नाही.

सात वाजता सगळे दारावर हिरव्या पताका लावत होते आणि मी उंबऱ्याच्या आतून त्या पुरवत होते. मामा स्टुलावर उभे राहून खिळा ठोकत होते. आणि आउटरकडून शिटी आली. खणखणीत, मोकळी, एक लांब आणि दोन आखूड. खरी पॅसेंजर. सगळ्यांचे हात जागच्या जागी थांबले. कुणी कुणाकडं बघेना. मामांनी दातातला दुसरा खिळा काढला, भिंतीला लावला, आणि मागं वळूनही न बघता म्हणाले, "मालगाडी असंल." आणि ठोकत राहिले. ज्या माणसानं आयुष्यात कधी शेडच्या साध्या पान्याबद्दलसुद्धा खोटं सांगितलं नव्हतं, तो पॅसेंजरला मालगाडी म्हणाला! मी आत जाऊन उशीत तोंड खुपसून हसले, आणि हसता हसता मला रडू कधी आलं ते कळलं नाही.

लग्नात सासऱ्यांनी प्रार्थनेआधीच केककडं हात नेला, तशी कॉलनीतली दहा-बारा पोरं एकदम ओरडली, "लाल हाय, लाल हाय!" हेडमास्तरांनी इतका तत्पर हुकूम आपल्या शाळेतही ऐकला नसेल. त्यांनी हात मागं घेतला. प्रार्थना झाली, मामांनी दोरा ओढला, सिग्नल पडला. सासऱ्यांनी तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटले आणि दादांना म्हणाले, "शेवटी पुण्याहूनच मागवलात ना?" मामांची छाती अशी फुगली की सदऱ्याची गुंडी तुटेल असं वाटलं. "न्हाई साहेब," ते म्हणाले, "दौंडचाच हाय. राइट टाइम."

त्या शिटीबद्दल मामा पुढं कधी एक अक्षर बोलले नाहीत, मीही बोलले नाही. केक मात्र पूर्वीसारखेच करपत आणि खचत राहिले. मग मामा रिटायर झाले आणि क्वार्टर सोडून शिरूरला आले, मिशनच्या आवारामागं दोन खोल्यांत. पेटी सोबत आणली. पण शिरूरला रेल्वे नाही. मोटारी येतात आणि जातात, त्यांना ना मेल म्हणता येतं ना पॅसेंजर. वर्षभर पेटीत मामीनं बाजरी ठेवली होती. तिचं मला पत्र आलं: 'शिटी न्हाई म्हनून हे केक करत न्हाईत, दिवसभर सडकंकडं बघत बसत्यात.' माझ्या मुलीचा पाचवा वाढदिवस आला होता. मी तिला घेऊन शिरूरला गेले आणि मामांना म्हटलं, "केक तुमच्याच हातचा पाहिजे, नाहीतर वाढदिवसच नाही." ते ओशाळं हसले. "आता कुठलं गं बाय? हितं गाडी कुठं हाय?" पण नात पुढ्यात पळी घेऊन बसली. एकाच बाजूनं फिरव म्हणून तिला सांगावं लागलं, आणि सांगता सांगता मामांना हुरूप आला. हात धुऊन झाले, वाळू चाळली, शेगडी पेटली. मामीनं दारावर हिरव्या साखळ्या लावल्या. केक पेटीत गेला, आणि मामा स्टुलावर बसले. बसल्यावर मात्र त्यांचा चेहरा असा केविलवाणा झाला की मला बघवेना. कशाची वाट बघायची तेच त्यांना कळत नव्हतं.

दादांचं ते घड्याळ आता माझ्याकडं आलं होतं. त्याच्या झाकणाच्या फटीत अजून हळद होती, किती पुसली तरी न निघालेली. पाऊण तास भरत आला तशी मी उठले, कोंबड्यांच्या खुराड्यामागं गेले, इकडंतिकडं बघितलं, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि चांगली अठ्ठावीस वर्षांची मास्तरीण असताना, पाळकसाहेबांच्या बंगल्याला ऐकू जाईल अशी, एक लांब आणि दोन आखूड शिट्ट्या दिल्या. शिट्ट्या कसल्या, आरोळ्याच त्या. सकाळपासून पोरीवर ओरडून आवाज आधीच फाटला होता. कोंबड्या फडफडत उडाल्या. मी भिंतीआडून हळूच डोकावले. मामांची मान वर झाली होती. मिशी आता पांढरी, तिच्यावरून त्यांनी हात फिरवला. "आली," ते म्हणाले, आणि झाकणाच्या मुठीला फडकं गुंडाळत, माझ्याकडं न बघता, सावकाश म्हणाले, "चाचाच्या इंजिनागत हिचा बी गळा बसलाय."

मामांना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली, मामीही गेली. माझ्या ओट्यावर विजेची भट्टी आहे, तिला घंटी आहे. मी काटा फिरवते, पाऊण तासानं घंटी वाजते, मी केक काढते. तो करपत नाही, खचत नाही, कुणाला स्टुलावर बसून वाट बघावी लागत नाही. नातवंडं म्हणतात, आजीचा केक एकदम परफेक्ट. मी हो म्हणते. पण त्याच्या सपाट पाठीकडं बघितलं की मला उगाच वाटत राहतं, मधोमध एक खड्डा पाहिजे होता, आणि त्यात मामीचा कागदी गुलाब.